आबांची गाणी आणि डी ड्राईव्ह

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळ.

कॉम्प्युटर अमरावतीला घरी आला. अकोल्याहून, एसटीने. सीपीयू माझ्या मांडीवर, मॉनिटर पायाशी, कीबोर्ड बायकोच्या, दीपमालाच्या पिशवीत वांग्यांखाली. मूर्तिजापूरच्या पुढे कंडक्टरने विचारले, याचं तिकीट? मी त्याला शांतपणे समजावले की हा प्रवासी नसून यंत्र आहे. तो म्हणाला, लगेजचं म्हणून राहिलो साहेब. घेतले.

धर्मेंद्र माझा साळा. अकोल्यात त्याचा सायबर कॅफे होता. लोकांच्या खिशात इंटरनेट आले आणि कॅफे बसला. बाकीचे कॉम्प्युटर भंगारात गेले, हा एक मालकाचा म्हणून राहिला होता. मी पाहताक्षणी ओळखले, मशीनमध्ये दम आहे. फक्त ऑपरेटिंग सिस्टीम सडली आहे. जुनी पुसायची, नवी टाकायची. दुकानवाले याला दोन दिवस लावतात आणि वर उपकार केल्यासारखे बोलतात. मी घरच्या घरी एका दुपारी करीन.

निघताना धर्मेंद्र काहीतरी सांगत होता. 'डी ड्राईव्ह', 'आबा', 'पुण्यस्मरण' असे शब्द कानावर पडले. मी तेव्हा कॅबिनेट उघडून रॅम बघत होतो, म्हणून मान हलवली. त्याने माझ्या खिशात एक पेनड्राईव्हही टाकला. माणूस दिलदार आहे.

आबा म्हणजे सासरे, देवराव. मागच्या वर्षी याच महिन्यात गेले. तेवीस तारखेला अकोल्याला पहिले पुण्यस्मरण.

संकल्प : उद्यापासून रोजनिशी टाईप करणे. हाताने लिहिलेली ही शेवटची नोंद.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ऑफिसात सहज विषय काढला. सहज म्हणजे चारही टेबलांवर.

गजेंद्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. वयाने लहान, कॉम्प्युटरची बरी माहिती आहे, पण पदवी नाही. त्याने विचारले, "नागसेनभाऊ, बॅकअप घेतला काय? म्हनसान तर मी येतो घरी." मी हसलो. बॅकअप त्याने घ्यावा ज्याचा स्वतःवर भरवसा नाही. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचा कोर्स सर्वांत आधी मी पास झालो. तेव्हा गजेंद्र हाफपँटमध्ये असेल. प्रिंटर अडला की आजही लोक मलाच हाक मारतात. (अडलेला कागद मग गजेंद्र काढतो. पण हाक मला मारतात.)

त्याला म्हटले, गरज पडली तर सांगीन. पडणार नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. जेवणाची सुट्टी.

पेनड्राईव्ह तयार केला. नवी सिस्टीम आधी पेनड्राईव्हमध्ये भरतात, मग तो कॉम्प्युटरला लावून तिथून आत सोडतात. सामान्य माणसाला हे माहीत नसते.

धर्मेंद्रचाच पेनड्राईव्ह वापरला. त्यात आधीच काही भरलेले होते. इंग्रजीत ए-बी-ए आणि पुढे आकडे, अशी बरीच नावे. एबीए म्हणजे कुठल्या तरी जुन्या ड्रायव्हरच्या फाईली असणार. सायबर कॅफेवाल्यांकडे असला कचरा असतोच. स्क्रीनवर इशारा आला की यातले सर्व पुसले जाईल, चालेल का? चालेल म्हटले. पुन्हा विचारले, नक्की? हे इशारे नवशिक्यांसाठी असतात.

गजेंद्र मागे उभा राहून डबा खात होता. बघत होता. शिकेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सुट्टी.

सकाळी दहा. सुरुवात. दीपमालाला सांगितले, दुपारच्या चहाच्या वेळी तुला नवा कॉम्प्युटर दाखवतो. ती शाळेच्या वह्या तपासत होती. वर न बघता बरं म्हणाली.

दुपार. कॉम्प्युटरच्या मते आज १ जानेवारी २००९ आहे. तारीख दुरुस्त केली की बंद करून चालू करताच पुन्हा २००९. आतला छोटा सेल गेला असणार. गौण बाब.

चहाची वेळ. नवा कॉम्प्युटर दाखवता आला नाही. पेनड्राईव्ह लावला तरी मशीन जुनीच सिस्टीम उघडून बसते. हे मशीन हट्टी आहे. चालू होताना कोणते तरी बटण दाबावे लागते. एफटू, एफट्वेल्व्ह, डिलीट. मी तिन्ही एकदम दाबली. मशीन शिटी वाजवू लागले. दीपमाला म्हणाली, कुकर लावला काय?

संध्याकाळ. जमले! पेनड्राईव्ह उघडला. आत जागेचे दोन भाग दिसले, सी आणि डी. सी म्हणजे जिथे सिस्टीम राहते. डी म्हणजे उगीच केलेला दुसरा भाग, अर्धाअधिक भरलेला. घरात मधली भिंत पाडून मोठा हॉल करतात तसे मी दोन्ही पुसून एक केले. फार समाधान वाटले. आता मशीनला मोकळा श्वास घेता येईल.

टक्के वाढत आहेत. पंच्याऐंशीवर थांबले आहेत. विचार करत असतील.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

परवा पंच्याऐंशीवरच राहिले. काल पुन्हा पहिल्यापासून टाकली. आज पुन्हा. प्रत्येक वेळी सर्व पुसून, स्वच्छ. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

आज संध्याकाळी सिस्टीम उभी राहिली. निळा स्क्रीन, मध्ये 'वेलकम'. मी दीपमालाला हाक मारली. ती आली तोवर स्क्रीन काळा झाला होता, पण तिने माझा चेहरा पाहिला. यश चेहऱ्यावर दिसते.

नंतर उघडला. अक्षरे एवढी मोठी की शब्द अर्धा इकडे, अर्धा स्क्रीनबाहेर. आवाज नाही. इंटरनेट नाही. इंटरनेटचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागतो, असा संदेश आला. ज्याने हे लिहिले त्याला भेटायला आवडेल.

पण मुख्य काम फत्ते. टायपिंगला सोमवारपासून.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळ.

दीपमाला चहा घेऊन कॉम्प्युटरपाशी बसली. स्वतःहून. मला बरे वाटले. म्हणाली, "आबाचे गाणे लावा न जरा. धर्मेंद्रनं सांगतलं, सगळे याच्यात हायेत म्हणून."

मी विचारले, कोणती गाणी?

आबा दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत आणि संध्याकाळी गावोगाव भीमगीते गात, हे मला माहीत होते. गाणी स्वतःच रचत. लग्नात माझ्यावरही एक रचले होते, त्यात मला बैलाची उपमा होती, म्हणून मी फारसे लक्ष दिले नाही. पण त्यांच्या कॅसेटी होत्या हे आज कळले. धर्मेंद्रने कॅफे चालू असताना एकेक कॅसेट या मशीनमध्ये उतरवली. डी ड्राईव्हमध्ये. कॅसेटींच्या फिती नंतर चिकटून गेल्या. "अन् काही झालं तर म्हणून पेनड्राईव्हवर बी देल्ले तुमाले," दीपमाला म्हणाली.

मी चहा घेतला. गार होता.

मी म्हणालो, आवाजाचा ड्रायव्हर नाही अजून. आवाज येणार नाही.

हे शंभर टक्के खरे आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपार.

ए-बी-ए म्हणजे आबा.

हे कोणाला सुचले असते? नाव ठेवण्याची ही काही पद्धत आहे का? नावात 'गाणी' लिहिले असते तर प्रश्नच नव्हता. मुळात चूक धर्मेंद्रची आहे. शिवाय अशी महत्त्वाची गोष्ट माणूस रॅम तपासत असताना सांगू नये.

घाबरण्याचे कारण नाही. पुसलेले परत आणता येते. तसे प्रोग्राम असतात. पंधरा दिवस आहेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून परत आणण्याचा प्रोग्राम घेतला. घरी चालवला. हजारो फाईली सापडल्या! दीपमाला शेजारच्या खोलीत होती, नाहीतर ओरडलो असतो.

संध्याकाळ. त्यात अकोल्यातल्या लोकांचे पासपोर्ट फोटो आहेत. हॉल तिकिटे. एका मुलाचा बायोडाटा, उंची पाच फूट सात, स्वभाव मनमिळाऊ. पुन्हा पासपोर्ट फोटो. सगळे घाबरलेले दिसतात, मानेमागे निळा पडदा. अर्धे चेहरे नाकाखाली करडे झाले आहेत.

एक गाण्याची फाईल सापडली. स्पीकर नाही म्हणून मोबाईलवर ऐकली. कुणाच्या तरी लग्नातला बँड. त्यात एक बाई म्हणते, "अवो तो मांडव पडला पाहा." मग बंद.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दीपमालाने रोज विचारले, आवाज आला काय? मी रोज म्हणालो, ड्रायव्हरचे काम चालू आहे. तिला वाटते ड्रायव्हर म्हणजे माणूस. तिने विचारले, त्याले फोन लावून पाहा न. मी लावतो म्हणालो.

आज ती एक गोष्ट सांगत बसली. लहान असताना आबा धारणीकडे कार्यक्रमाला गेले की आठ-आठ दिवस येत नसत. मग आई घरात कॅसेट लावायची, आणि ही नि धर्मेंद्र टेपरेकॉर्डरला टेकून झोपायचे. "आवाज पाठीत लागे," म्हणाली. एवढे म्हणून पोळ्या करायला उठली.

मला रात्रीचे जेवण गेले नाही. अॅसिडिटी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हार्ड डिस्क काढून पिशवीतून ऑफिसात नेली. गजेंद्रला म्हणालो, माझ्या एका मित्राची आहे. मित्राने चुकून पुसली. गंमत म्हणून बघ.

त्याने आपल्या मशीनला लावली. बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "भाऊ, तुमच्या दोस्तानं हे पुसलं असतं अन् सोडून देल्लं असतं तं निघालं असतं. पण त्यानं याच्यावर तीनदा नवी सिस्टीम टाकली. वरून लिहिलं का खालचं गेलं." मी विचारले, आणि पेनड्राईव्ह? तो म्हणाला, दाखवा. मी दाखवला. तो म्हणाला, याच्यावर बी सिस्टीम, आणि तुम्ही ती माझ्यासमोरच टाकली होती.

मग त्याने विचारले, काय होतं भाऊ याच्यात?

मी म्हणालो, मित्राला विचारून सांगतो.

गजेंद्रने चहा सांगितला आणि माझ्याकडचे एक टिपण स्वतःच टाईप करून दिले. याचा अर्थ त्याला अजून आशा वाटते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सविस्तर योजना तयार आहे.

एक, धर्मेंद्रकडे कुठे तरी तिसरी प्रत असणारच. आज फोनवर आडून विचारले. तो म्हणाला, "नाई भाऊजी, दोन्ही तुमाले देल्ले न. तुमी कॉम्प्युटरवाले. तुमच्यापाशी सुरक्षित." दोन, नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये आबांचे एखादे गाणे असेल. चौघांना विचारले. चांदूर रेल्वेच्या काकांनी एक व्हिडीओ पाठवला, त्यात आबा आहेत, पण जेवत आहेत. तीन, स्पीकर ऐन वेळी बिघडणे. स्पीकर बिघडतात. हे नैसर्गिक आहे.

तिसरी योजना सर्वांत भक्कम वाटते.

रविवार, २३ नोव्हेंबर. अकोला. संध्याकाळ.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

धर्मेंद्रच्या घरापुढे मांडव होता. आबांचा फोटो, शेजारी बुद्ध आणि बाबासाहेब. वंदना झाली. जिनिंगमधले जुने लोक आले होते. आबांच्या जोडीला ढोलकी वाजवणारे वामनराव काठी टेकत आले होते, ढोलकी नातेवाइकाच्या खांद्यावर देऊन. सासूबाई, पंचफुलाबाई, पांढऱ्या साडीत पुढे बसल्या होत्या. त्या फार बोलत नाहीत. माझ्याशी तर 'जेवा' आणि 'बसा' एवढेच.

धर्मेंद्रने माईकवर सांगितले, आता आबांचा आवाज. आमच्या भाऊजींनी गाणी जपून आणली आहेत. टाळ्या झाल्या. माझ्यासाठी. त्याने पेनड्राईव्ह मागितला. मी दिला. स्पीकर भाड्याचा, मोठा, कपाटाएवढा. बिघडण्याची काही चिन्हे नव्हती. धर्मेंद्रने पेनड्राईव्ह लावला. स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत म्हणाली, फाईल नाही. त्याने काढून पुन्हा लावला. ती पुन्हा म्हणाली. मांडवातल्या सगळ्यांनी ऐकले.

मी उठलो. माईक घेतला. मी सर्वांना सोप्या भाषेत समजावले की हार्ड डिस्कचे भाग कसे असतात, जुन्या सिस्टीममध्ये धोके कसे असतात, आणि फाईलींना नावे देताना काय काळजी घ्यावी. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटले, पटते आहे.

दीपमाला बायकांमध्ये बसली होती. बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हणजे गेले."

मी म्हणालो, तसे नाही, वरून लिहिले गेल्यामुळे—

"गेले का नाई?"

तांत्रिकदृष्ट्या 'गेले' हा शब्द बरोबर नाही. पण मी माईक धर्मेंद्रकडे दिला आणि खाली बसलो. धर्मेंद्र पेनड्राईव्ह हातात घेऊन नुसता उभा होता. पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारले, काय झालं? त्याने सांगितले, पुसून गेले म्हणे. म्हातारा म्हणाला, कोण?

मला तिथून उठून बसस्टँडवर जावेसे वाटले. चप्पल कुठे काढली ते आठवेना.

मग पंचफुलाबाई म्हणाल्या, "धर्मेंद्र, आण तो माईक इकडं."

धर्मेंद्रने नेला. त्यांना तो धरता येत नव्हता, दोन्ही हातांनी धरला, तांब्यासारखा. म्हणाल्या, "कॅसेटीत म्होरं त्याइचा आवाज व्हता. मांगून सूर वढणारी मीच व्हती. तीस वर्सं वढलं. इसरली नाई मी." आणि वामनरावांकडे बघून, "घ्या."

वामनरावांनी ढोलकी पुढे ओढली.

त्या गायल्या. पहिल्या ओळीला आवाज फुटला, खोकल्या, पुन्हा धरली. आबांनी शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी रचलेले होते : 'पाटी फुटली तं फुटू दे बाई, अक्षर फुटू देऊ नको.' दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा जिनिंगमधले लोक मागून ओढू लागले. त्यांनाही येत होते. सगळ्यांना येत होते. दीपमाला उठून आईच्या शेजारी जाऊन बसली, पाठीला पाठ लावून.

एकामागून एक. वामनराव थकले की त्या थांबत, पाणी पाजत, पुन्हा सुरू. मग म्हणाल्या, "आता हे कॅसेटीत नाई. हे घरातलं हाय." आबा दौऱ्यावरून उशिरा आले की दार उघडावे म्हणून बाहेरून जे गाणे म्हणत, ते म्हटले. त्यात आबा म्हणतात की हा गाणारा नाही, तुझे विसरलेले गाठोडे आहे, उचलून आत घे. बायका हसून लोळल्या. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. शेवटची ओळ त्यांनी दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा हळू. मग माईक मांडीवर ठेवला.

हे सर्व वाया जाऊ नये, हे त्या मांडवात फक्त मला सुचले. पहिल्याच गाण्याला मी मोबाईल काढला, पुढे सरकून पाचव्या रांगेतून पहिल्या रांगेत आलो आणि शेवटपर्यंत रेकॉर्डिंग केले. हात दुखला तरी खाली घेतला नाही. धर्मेंद्रने एकदा विचारले, भाऊजी, चालू हाय न? मी मान हलवली. लाल ठिपका चालू होता, उन्हामुळे स्क्रीनवर तेवढाच दिसत होता. दोनदा तपासला.

आता आबांची गाणी कायमची सुरक्षित आहेत. आणि कॅसेटीत नव्हती तीही. खोलात विचार केला तर हे सर्व कोणामुळे घडले? पेनड्राईव्ह वाजला असता तर सासूबाई गायल्या असत्या का? मी हे कोणाला बोलून दाखवणार नाही. आपापले कळेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर. अमरावतीला परत.

बसमध्ये दीपमाला खिडकीशी बसली. कालपासून माझ्याशी बोललेली नव्हती. बडनेरा आल्यावर म्हणाली, दाखवा, मायचं.

मी मोबाईल दिला. व्हिडीओ लावला.

व्हिडीओत मी आहे.

कॅमेरा माझ्याकडे वळलेला होता. सबंध वेळ. आधी माझी हनुवटी, मग चेहरा, खालून घेतलेला, मागे मांडवाचे कापड. आवाज मात्र स्वच्छ आहे, पंचफुलाबाईंचा आवाज, ढोलकी, मागून ओढणारे लोक, सगळे. आणि चित्रात मी. पहिल्या गाण्यात मी लाल ठिपका तपासतो. दुसऱ्या गाण्यात ओठ हलताना दिसतात, मलाही येत होते असे दिसते. पाचव्या की सहाव्या गाण्यात माझ्या डोळ्यांतून पाणी वाहते आणि मी ते पुसत नाही, कारण हातात मोबाईल आहे. नाकही वाहते. दाराबाहेरच्या गाण्याला मी तोंड वाकडे करून रडतो आहे. असा मी रडतो हे मला माहीत नव्हते. मांडवात ऊन फार होते.

दीपमालाने पूर्ण बघितला. बस स्टँडवर लागली, लोक उतरले, तरी बघत होती. मध्येच हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा माझ्याकडे पाहून हसली. म्हणाली, "माय दिसत नाई याच्यात एकदा बी."

मी म्हणालो, काही अडचण नाही. आवाज वेगळा काढता येतो. घरी कॉम्प्युटरवर मी एका दुपारी—

तिने मोबाईल आपल्या पर्समध्ये टाकला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मोबाईल काल परत मिळाला. व्हिडीओ त्यात नाही. दीपमालाने तो धर्मेंद्रला, गजेंद्रला (त्याच्यापाशी सुरक्षित राहील म्हणे) आणि घरच्या ग्रुपवर पाठवला आणि माझ्याकडचा काढून टाकला. ग्रुपमधूनही मला काढले आहे, तात्पुरते, असे ती म्हणते. चांदूर रेल्वेच्या काकांनी फोन करून सांगितले की गाणी ऐकून आणि जवाई पाहून घरातले सगळे रडले.

सासूबाईंचाही फोन आला. आजवर कधी केला नव्हता. म्हणाल्या, "जवाई, जेवले काय?" मी हो म्हटले. मग म्हणाल्या, "पाह्यलं म्या." आणि ठेवला.

व्हिडीओतला आवाज वेगळा काढणे अगदी सोपे काम आहे. त्यासाठी फक्त फाईल लागते. धर्मेंद्रला मागितली. गजेंद्रला मागितली. चांदूर रेल्वेच्या काकांनाही मागितली.

कोणी पाठवून नाही राहिले.